बाल्टिमोरचा एकोणीस नंबर

१३ नोव्हेंबर १९६०. शिकागोचं रिग्ली फील्ड. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बाल्टिमोर कोल्ट्स तीन गुणांनी मागे आणि घड्याळात उरलेत मोजके सेकंद. शिकागो बेअर्सचा डग अ‍ॅटकिन्स, सहा फूट आठ इंचांचा आडदांड गडी, बचावफळी फोडून आत घुसला आणि कोल्ट्सच्या क्वार्टरबॅकवर आदळला. जॉनी युनायटस उठला तेव्हा त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. दुसरा कुणी असता तर स्ट्रेचर आलं असतं. इथे त्याचा सहकारी अ‍ॅलेक्स सँडस्की वाकला, मैदानातला चिखल उचलला आणि थेट नाकपुडीत कोंबला. रक्त थांबलं. मग युनायटसनं लेनी मूरकडे लांबवर चेंडू फेकला, चेंडू गोलरेषेपलीकडे पोचून टचडाउन झाला आणि कोल्ट्स २४-२० असे जिंकले.

अनिल कुंबळेनं २००२ साली अँटिग्वात फुटलेल्या जबड्याला पट्टी बांधून लाराला बाद केलं, ती गोष्ट आपल्याकडे जशी आणि जितक्या वेळा सांगितली जाते, तशी आणि तितक्याच वेळा बाल्टिमोरमध्ये ही चिखलाची गोष्ट सांगतात. सांगणारे एक तपशील मात्र हळूच गाळतात. त्या सामन्यानंतर कोल्ट्स हंगामातले उरलेले चारही सामने हरले. तो सामना धरून सहा जिंकले होते, दोन हरले होते. शेवटी हिशेब सहास सहा असा झाला. जेतेपद गेलं, चिखल राहिला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू आणि बचावफळीचं लक्ष्य, दोन्ही एकाच वेळी असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, तो कुणाकडे जायचा हे तो ठरवतो आणि ठरवायला त्याला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं धावत आलेली असतात. आजच्या खेळात त्याला नियमांचं कवच आहे. डोक्यावर, गुडघ्यांवर मारलं की दंड होतो. युनायटसच्या काळात हे काही नव्हतं. पास घेणाऱ्या खेळाडूला बचावपटू मैदानभर ढकलत न्यायचे, तेही चालायचं. पास फेकणं सोपं करणारे मोठे नियमबदल झाले १९७८ साली, तो निवृत्त झाल्यानंतर चार वर्षांनी. पुढची चाल कोणती, हे बाहेरून प्रशिक्षक सहसा सांगत नसे. क्वार्टरबॅक स्वतः ठरवायचा. त्यामुळे त्याचे आकडे आजच्या खेळाडूंच्या शेजारी मांडून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. तरीही एक आकडा सांगायलाच हवा. १९५६ ते १९६० या काळात सलग ४७ सामन्यांत त्यानं किमान एक टचडाउन पास फेकला. हा विक्रम ड्रू ब्रीसनं मोडायला २०१२ साल उजाडावं लागलं.

युनायटस मूळचा बाल्टिमोरचा नव्हे. जन्म १९३३ चा, पिट्सबर्गमधला, लिथुआनियन वंशाच्या घरात. वडील घरोघर कोळसा पोचवायचे. तो पाच वर्षांचा असताना ते गेले आणि धंदा आईनं पुढे चालवला. नोटर डेम विद्यापीठानं अंगकाठी किरकोळ म्हणून त्याला नाकारलं, तेव्हा तो लुइव्हिलला गेला. १९५५ मध्ये गावचाच संघ असलेल्या पिट्सबर्ग स्टीलर्सनं त्याला नवव्या फेरीत निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच घरी पाठवलं. बायको-मूल पदरात होतं. मग दिवसा बांधकामावर काम आणि सुटीच्या वेळी ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या निमव्यावसायिक संघाकडून खेळ, सामन्याला सहा डॉलर.

तिथून कोल्ट्सनं त्याला उचललं. महाव्यवस्थापक डॉन केलेट यांनी त्याला फोन केला, त्या फोनचं बिल ऐंशी सेंट झालं, असं बाल्टिमोरमध्ये सांगतात. दंतकथेला बिलाचा आकडाही पाठ असतो. पहिला करार सात हजार डॉलरचा. ऑक्टोबर १९५६ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ याचा पाय मोडला आणि युनायटस मैदानात उतरला. त्यानं फेकलेला पहिलाच पास शिकागोच्या खेळाडूनं मध्येच पकडला आणि टचडाउनपर्यंत नेला. कोल्ट्स ५८-२७ असे हरले. यापेक्षा वाईट सुरुवात शोधूनही सापडणार नाही.

बाल्टिमोरला हा माणूस एवढा आपला का वाटला, हे शहर पाहिल्याशिवाय कळत नाही. एका अंगाला वॉशिंग्टन, दुसऱ्या अंगाला फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क. रेल्वेनं जाणारे लोक बाल्टिमोर खिडकीतून पाहून पुढे जायचे. शहराचं पोट चालायचं ते बंदरावर आणि स्पॅरोज पॉइंटच्या बेथलहेम स्टीलच्या पोलाद कारखान्यावर. एकमेकींना चिकटून उभी असलेली विटांची घरं, पाळीवर जाणारे कामगार, कोपऱ्याकोपऱ्यावर बार. ३३व्या रस्त्यावरचं मेमोरियल स्टेडियम अशाच वस्तीच्या मधोमध होतं. खेळाडूंचे पगार इतके बेताचे होते की हंगाम संपला की त्यांनाही काम शोधावं लागे. आर्ट डोनोव्हन दारूच्या कंपनीचा विक्रेता होता. जिनो मार्केटीनं हॅम्बर्गरची दुकानं काढली. खुद्द युनायटस काही काळ बेथलहेम स्टीलमध्ये कामाला होता. रविवारी ज्याच्या नावानं ओरडलं, तो सोमवारी किराणा घेताना भेटायचा. ठोसे खायचे, बोभाटा करायचा नाही आणि पुढच्या पाळीला हजर व्हायचं, हे त्या शहराला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी आपलंच जगणं एकोणीस नंबरच्या जर्सीत पाहिलं.

या प्रेमाला एक काळी किनार होती. लेनी मूर आणि जिम पार्कर हे कृष्णवर्णीय खेळाडू त्याच मैदानावर टाळ्या घेत आणि सामना संपल्यावर शहरातल्या कित्येक हॉटेलांत त्यांना जेवायला बसता येत नसे. ‘तेव्हा सगळं शहर एक कुटुंब होतं’ असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या चाहत्यांच्या आठवणीत हा भाग क्वचितच येतो. मूरनं तो पुढे स्वतः सांगितला.

१९५८ चा हंगाम हा बाल्टिमोरच्या आठवणींचा खजिना. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध युनायटसच्या बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. दोन सामने तो बाहेर बसला. २३ नोव्हेंबरला लॉस एंजलिस रॅम्सविरुद्ध छातीभोवती खास संरक्षक कवच बांधून परतला आणि पहिल्याच चालीवर लेनी मूरला टचडाउन पास दिला. पुढे २८ डिसेंबरला यँकी स्टेडियमवर अंतिम सामना, समोर न्यूयॉर्क जायंट्स. सात सेकंद उरले असताना स्टीव्ह मायरानं फील्ड गोल मारून १७-१७ अशी बरोबरी साधली आणि जेतेपदाच्या इतिहासात प्रथमच जादा वेळेचा खेळ झाला. जो पहिला गुण मिळवेल तो जिंकेल. युनायटसनं ८० यार्ड १३ चालींत तोडले. रेमंड बेरीनं त्या दिवशी बारा पास पकडले, १७८ यार्डांचे. शेवटचा एक यार्ड अ‍ॅलन अमीचीनं खांदा खाली घालून पार केला. २३-१७. सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो सामना टीव्हीवर पाहिला, आणि अमेरिकेत बेसबॉलच्या सावलीत असलेला हा खेळ दिवाणखान्यात येऊन बसला तो तेव्हाच, असं क्रीडा इतिहासकार मानतात. संघ परतला तेव्हा विमानतळावर तीस हजार माणसं जमली होती.

हे सगळं करणारा माणूस दिसायला कसा, तर खांदे किंचित पुढे झुकलेले, केस बारीक कापलेले, पायात घोट्यापर्यंतचे काळे बूट. बोलणं मोजकं. रॅम्सचा मर्लिन ऑल्सन त्याच्याबद्दल म्हणे, की हा मुद्दाम चेंडू क्षणभर जास्त धरून ठेवतो, मार खाण्यासाठी! बाल्टिमोर या शहराला नटवेपणाचं वावडं होतं. न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ याला फर कोट शोभला. युनायटसनं तो घातला असता तर स्पॅरोज पॉइंटवर हसू झालं असतं.

१९६८ मध्ये हंगामाआधीच्या सामन्यात त्याचा उजवा कोपर दुखावला. हाताचा तो जुना झपाटा पुन्हा आला नाही. तरी जानेवारी १९६९ च्या सुपर बोल या जेतेपदाच्या सामन्यात नेमथच्या जेट्सपुढे कोल्ट्सची नाचक्की होत असताना बाकावरून उठून संघाचा एकुलता एक टचडाउन त्यानंच घडवला. जानेवारी १९७१ चा सुपर बोल कोल्ट्स जिंकले खरे, पण मधल्या वेळेआधीच तो बरगड्या धरून बाहेर गेला होता. त्यानंतर दीड वर्षानं, १९७२ मध्ये, मालक बदलला. कॅरोल रोझेनब्लूम यांनी रॉबर्ट इर्सेशी अख्ख्या संघांची अदलाबदल केली. रॅम्स रोझेनब्लूम यांना, कोल्ट्स इर्से यांना. नव्या व्यवस्थेत एकोणचाळिशीचा क्वार्टरबॅक कुणाला नको होता. ३ डिसेंबर १९७२ ला मेमोरियल स्टेडियमवर त्याचा शेवटचा सामना झाला. आकाशात त्याच्या नावावर कोटी केलेला फलक लावून विमान घिरट्या घालत होतं, लोक त्याच्या नावाचा घोष करत होते. त्याच्या जागी खेळणारा मार्टी डोम्रेस दुखावला आणि युनायटस आत गेला. त्याचा पास एडी हिंटननं पकडला आणि ६३ यार्ड धावत टचडाउन केला. चेंडू हवेत डगमगत गेला होता, हे त्या सामन्याला हजर असलेले लोकच हसत सांगतात. पुढचा हंगाम सॅन डिएगोत काढून १९७४ मध्ये तो थांबला, ४०,२३९ यार्ड आणि २९० टचडाउन पास जमेला घेऊन. चाळीस हजार यार्ड ओलांडणारा तो पहिलाच.

आणि मग १९८४. इर्से यांचं शहराशी स्टेडियमवरून बिनसलं होतं. संघ सरकारनं सक्तीनं ताब्यात घ्यावा, असं विधेयक मेरीलँडच्या विधिमंडळात पुढे सरकलं. ते मंजूर व्हायच्या आत, २८ मार्चच्या रात्री, मेफ्लॉवर या सामान हलवणाऱ्या कंपनीचे ट्रक सरावाच्या जागी लागले. बाहेर बर्फ-पावसाची भुरभुर. हेल्मेटं, कागदपत्रं, करंडक, सगळं खोक्यांत भरून पहाटेपर्यंत इंडियानापोलिसच्या वाटेला लागलं. सकाळी शहर उठलं तेव्हा संघ नव्हता.

एक गोष्ट मात्र ट्रकमध्ये गेली नाही. कोल्ट्सचा स्वतःचा बँड होता, १९४७ पासूनचा. त्याचे गणवेश त्या रात्री ड्राय क्लीनरकडे होते. बँडवाल्यांनी ते मिळवले, गाडीत भरले आणि ती गाडी एका दफनभूमीत दडवून ठेवली. संघ नसताना हा बँड बारा वर्षं वाजत राहिला. मिरवणुकांत वाजवलं, दुसऱ्या शहरांच्या सामन्यांत मध्यंतराला वाजवलं, नव्या स्टेडियमचा प्रश्न आला तेव्हा अ‍ॅनापोलिसच्या विधानभवनासमोर वाजवलं. प्रमुख जॉन झीमन यांनी वाद्यांसाठी बायकोच्या संमतीनं तिची लग्नाची अंगठी गहाण टाकली होती. बॅरी लेव्हिन्सन या बाल्टिमोरच्याच दिग्दर्शकानं २००९ मध्ये या बँडवर माहितीपट केला. कोल्ट्सचं वेड त्याला नवं नव्हतं. १९८२ च्या त्याच्या ‘डायनर’मध्ये एक तरुण होणाऱ्या बायकोची कोल्ट्सवर परीक्षा घेतो, पास झाली तरच लग्न. बाल्टिमोरकरांना त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

युनायटसनं इंडियानापोलिसशी संबंध ठेवला नाही. ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड १९७९ मध्येच झाली होती. आपलं नाव बाल्टिमोर कोल्ट्सच्याच खाली राहावं, नसेल जमत तर काढून टाकावं, असा त्यानं हट्ट धरला. मालकानं संघ नेला, खेळाडू मागे राहिला. कारखाने एकामागून एक आटत चाललेल्या त्या शहराला ही निष्ठा टचडाउनांहून मोठी वाटली असली, तर नवल नाही.

त्या टणकपणाची किंमत मात्र त्याचं शरीर चुकवत होतं. दोन्ही गुडघे बदलावे लागले. ज्याला लोक सोन्याचा हात म्हणत, त्या उजव्या हाताची बोटं म्हातारपणी वळेनाशी झाली. गोल्फ खेळताना काठी धरता येत नसे. ती हाताला पट्ट्यानं बांधून घ्यायची. सही मागणारे रांग लावत तेव्हा पेन बोटांत अडकवून तो सह्या करी. व्यावसायिक फुटबॉल लीगच्या निवृत्तिवेतन योजनेनं त्याला अपंगत्वाचा लाभ नाकारला. नाकातल्या चिखलाची गोष्ट सांगताना ही गोष्टही सांगायला हवी.

१९९६ मध्ये बाल्टिमोरला पुन्हा संघ मिळाला, रेव्हन्स. सामन्याच्या दिवशी सीमारेषेजवळ युनायटस दिसायचा, रेव्हन्सच्या काळ्या-जांभळ्या रंगांतल्या लोकांना जणू परवानगी देत. ११ सप्टेंबर २००२ ला व्यायाम करताना हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. पुढच्या रविवारी त्याच्या आठवणीत काळे उंच बूट घालायचे, असं इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याच्या मनात होतं. लीगनं पंचवीस हजार डॉलर दंडाची तंबी दिली आणि त्यानं बेत सोडला. रेव्हन्सचा ख्रिस रेडमन युनायटसच्याच लुइव्हिलचा. त्यानं कुणाला विचारलं नाही, बूट घातले आणि पाच हजार डॉलर भरले. पुढच्याच महिन्यात रेव्हन्सच्या स्टेडियमबाहेर युनायटसचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. आत जाणारे चाहते त्याच्या बुटाला हात लावून जातात. त्यातल्या कित्येकांनी त्याला खेळताना पाहिलेलंच नाही. आजोबांनी हात लावला म्हणून नातू लावतो.

या कथेत एक अवघड गाठ उरते, आणि ती बाल्टिमोरकर सहसा काढत नाहीत. रेव्हन्स आकाशातून पडले नाहीत. ते क्लीव्हलंडहून उचलून आणलेले. मालक आर्ट मोडेल यांनी क्लीव्हलंडच्या चाहत्यांचं तेच केलं, जे इर्से यांनी बाल्टिमोरचं केलं होतं. फरक एवढाच, की क्लीव्हलंड कोर्टात गेलं, भांडलं, आणि ब्राउन्स हे नाव, रंग आणि जुन्या नोंदी शहराकडे ठेवून घेतल्या. १९८४ मध्ये बाल्टिमोरला यातलं काही मिळालं नाही. त्यामुळे लीगच्या दप्तरात युनायटसचे कोल्ट्ससाठीचे २८७ टचडाउन पास आजही इंडियानापोलिसच्या खात्यात आहेत, आणि पुढे मॅनिंगनं संघाचा विक्रम मोडला म्हणून इंडियानापोलिसनं टाळ्या वाजवल्या, तेव्हा मोडलेला विक्रम ३३व्या रस्त्यावर घडलेला होता.