मागचे दोन खण

आमच्या बार्शीकडं घर मोजायचं ते खणांवर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. सोयरीक बघायला आलेला माणूसही आधी "किती खणांचं घर?" असंच विचारी. गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली, दोन घरांत एकच दगडमातीची भिंत. एका माळवदावरून दुसऱ्यावर पाय टाकत गल्लीच्या टोकापर्यंत जाता येई. त्यात एक भिंत वाचे, बाजूनं ऊन लागत नसे आणि चोरालाही दोनच वाटा उरत. पण असं घर वाढवायचं तर फक्त मागं, परसात.

आमचं घर तसंच मागं सरकत गेलं. पुढचे तीन खण पणजोबांचे, पुढचे दोन आजोबांनी जोडले. दर वेळी मागचं दार लांब गेलं आणि माजघर अंधारत गेलं. उजेड यायचा तो माळवदातल्या सवण्यातून. पाऊस आला की त्यावरही परात झाकायची. आई दिवसाउजेडी चिमणी लावून भाकरी थापायची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडं भांडी पडली, एका भिंतीला चीर गेली, एवढंच. लातूर-उस्मानाबादेत मात्र हजारो माणसं झोपेत गेली. तिथली घरंही आमच्यासारखीच. जाड भिंत म्हणजे मजबूत, हा पिढ्यांचा समज. खरं तर तिच्या दोन्ही अंगांना दगड, मधे नुसती भर, आणि दोन्ही अंगं धरून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना कोण काढतो? दर साली ओझं वाढतच जायचं.

आजीनं त्या दिवसापासून अंथरूण परसात टाकलं. थंडी पडली तरी आत येईना. मग मागं दोन खण हलके काढायचे ठरले : विटांच्या भिंती, वर पत्रा. सामाईक भिंतीवर भार द्यायचा नाही, आपले खांब आपण उभे करायचे, पत्र्याचं पाणी शेजारच्या अण्णांच्या अंगणात पडू द्यायचं नाही, एवढं बोलणं त्यांच्याशी ओट्यावर बसूनच झालं. ग्रामपंचायतीची परवानगी तेव्हा १९५८ च्या कायद्यानं लागायची. दादा अर्ज देऊन आले.

अडलं ते गवंड्यापाशी. दोरी टाकून तो म्हणाला, "मागच्या भिंतीला लागून बांधलं तर दारातनं येतो तेवढा उजेडही जाईल. मधी एक खण उघडा सोडा."

दादांना ते पटेना. परस मुळात तीस फूट, त्यात लिंब, उकिरडा, बैलांची दावण. दोनातला एक खण आभाळाला द्यायचा म्हणजे पैसे मातीत घालण्यासारखंच. थोरल्याचं लग्न तोंडावर, त्याला खोली हवी. घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही.

शेवटी आईच म्हणाली, "खण कमी झाला तरी चालंल. मला तवा दिसूंद्या."

पत्र्याचा एकच खण झाला, मधे चौक राहिला. थोरल्याला माजघराशेजारची धान्याची खोली मोकळी करून दिली. कणग्या ओसरीवर आल्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापे, की दुपारी तिथं कुणी थांबत नसे. त्या बाबतीत माळवदाची सर त्याला कधीच आली नाही. आजी दुपारभर लिंबाखाली बसे आणि रात्री पत्र्याखाली निजे. वारेपर्यंत ती माळवदाखाली निजली नाही.