पॉलिसी बदलण्याआधी थोडा इतिहास

“डॉक्टर, पॉलिसीचं रिन्युअल आलंय. हीच ठेवू की बदलू?” लासलगावात हा प्रश्न मला बीपी मोजताना हमखास विचारला जातो.

मेडिक्लेम १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणलं. १९९९च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या. पण जुना आजार असलेला माणूस एकाच कंपनीत अडकून पडायचा, कारण कंपनी बदलली की त्या आजाराचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून. ऑक्टोबर २०११पासून पोर्टेबिलिटी आली आणि भरलेली वर्षं सोबत नेता येऊ लागली. म्हणून मधुमेह असेल तर पॉलिसी सोडून नवी घेऊ नका, पोर्ट करा. अर्ज मुदतीच्या ४५ दिवस आधीच द्या, आणि नव्या कंपनीचा होकार येईपर्यंत जुनी चालू ठेवा. साखर मात्र लपवू नका. क्लेम तिथेच अडतो.

सरकारी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नाशिक त्यात नव्हतं; आपली पाळी नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. आज तीच महात्मा फुले जनआरोग्य योजना. तरीही रेशनकार्ड कपाटात ठेवून दागिने गहाण टाकणारे मी पाहतो. पुढच्या वेळी पॉलिसीसोबत रेशनकार्डही घेऊन या.