फाइल आहे का? तपासणीच्या एका ओळीचा इतिहास

फाइल उघडण्याआधी ‘ती आहे का, मला वाचता येईल का’ असे विचारणारी ओळ तुम्ही सवयीने लिहिता. पूर्वी ती लिहावी लागत नसे.

मद्रासच्या (आजच्या चेन्नईच्या) आयआयटीत १९७३ साली आयबीएम ३७०/१५५ हे यंत्र आले. अशा यंत्राला काम द्यायचे म्हणजे कार्डांचा गठ्ठा द्यायचा. त्यात फोरट्रानच्या कार्डांबरोबर जेसीएलची कार्डे असत. प्रत्येक फाइलसाठी एक डीडी विधान आणि त्यात ‘डिस्प’ हा भाग. तिथे ‘ओल्ड’ लिहिले तर फाइल आधीपासून असलीच पाहिजे. ‘न्यू’ लिहिले तर ती नव्याने तयार होणार. कॅटलॉगमध्ये ‘ओल्ड’ फाइल सापडली नाही, तर प्रोग्राम सुरूच होत नसे. सापडली, तर तिचा ताबा तुमच्या कामाकडे राही आणि इतरांना थांबावे लागे. चौकशी आणि ताबा वेगळे नव्हतेच. फोरट्रान ६६ मध्ये तर फाइलची चौकशी करणारे विधानही नव्हते. ‘इन्क्वायर’ आले फोरट्रान ७७ मध्ये.

युनिक्सने ही दोन कामे वेगळी केली, आणि त्याला कारण होते. डेनिस रिची यांच्या सेट-यूआयडी कल्पनेमुळे (पेटंट १९७९) साध्या वापरकर्त्याने चालवलेला प्रोग्राम फाइलमालकाच्या, बऱ्याचदा रूटच्या, अधिकाराने चालतो. पासवर्ड बदलायला हे लागतेच. पण रूटला सगळेच उघडता येते. मग चालवणाऱ्या माणसाला स्वतःला ही फाइल उघडता आली असती का, हे कसे कळणार? त्यासाठी ‘ॲक्सेस’ हा सिस्टिम कॉल. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो आहे: वाचनासाठी ४, लेखनासाठी २, चालवण्यासाठी १, नुसत्या अस्तित्वासाठी ०. तपासणी होते ती खऱ्या यूआयडीने, प्रभावी यूआयडीने नव्हे. (उत्तरपत्रिकेत नेमके हेच उलटे लिहिले जाते!)

गोम इथे आहे. ‘ॲक्सेस’ नाव तपासतो. नंतर ‘ओपन’ तेच नाव पुन्हा शोधतो. या दोन ओळींच्या मध्ये कोणी त्या नावाखाली दुसरीच फाइल ठेवली तर? १९८३ च्या ४.२ बीएसडीतील सिम्बॉलिक लिंकमुळे ही अदलाबदल फारच सोपी झाली. स्वतःची फाइल दाखवून परवानगी मिळवायची आणि लगेच ते नाव पासवर्डच्या फाइलकडे वळवायचे. प्रोग्राम रूटच्या अधिकाराने लिहून मोकळा! मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी १९९६ साली सी प्रोग्राममधील अशा जोड्या शोधण्याची पद्धत मांडली.

म्हणून तुम्ही आधी विचारू नका, सरळ उघडा आणि चूक आली तर ती वाचा: ‘ईनोएंट’ म्हणजे फाइल नाही, ‘ईॲक्सेस’ म्हणजे परवानगी नाही. सेट-यूआयडी प्रोग्राम असेल, तर उघडण्याआधी जादा अधिकार सोडा. नवी फाइल हवी असेल, तर ‘ओ_क्रिएट’बरोबर ‘ओ_एक्सक्ल’ द्या. फाइल आधीच असेल तर ‘ओपन’ नकार देईल. सी११ च्या ‘एफओपन’मध्ये आणि पायथन ३.३ पासून हीच सोय ‘एक्स’ या अक्षराने मिळते. मला तर हे जुने ‘डिस्प’च वाटते, वेगळ्या वेषात.

‘ॲक्सेस’ अगदी टाकाऊ नाही. वापरकर्त्याला आधीच सूचना दाखवायची असेल, तर तो जरूर वापरा. सुरक्षेचा निर्णय मात्र ‘ओपन’वरच सोडा.