माळाचं वय

मास्तरकीत असताना दर पावसाळ्यात मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर झाडं लावायचो. "इथं दाट जंगल होतं, माणसानं तोडलं," असं छातीठोक सांगायचो.

आता वाचतो ते निराळंच. २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, आपला पावसाळा दुबळा होता. १०,००० वर्षांपूर्वी तो जोमात आला. लोणार सरोवराचा गाळ सांगतो, साडेचार हजार वर्षांपूर्वी पुन्हा ओढ बसली. घोडकाठच्या इनामगावचे शेतकरी इ.स.पू. १००० नंतर हळूहळू शेळ्यामेंढ्यांमागे लागले, असं उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांचं मत. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या मराठी वाङ्मयातही आपल्या कोरड्या मुलखात काटेरी झाडं नि गवतच भेटतं.

म्हणजे माळ हे उजाडलेलं रान नव्हे. नान्नजच्या काळविटांचं, माळढोकाचं ते जुनं घर. त्या मुलांना हे आता कोण सांगणार?