१९४९ : एका नदीकाठचे साल

उल्हास नदी बदलापूरवरून येते, उल्हासनगरला आपले नाव देते आणि कल्याणला खाडी होते. खाडीपलीकडे थोड्याच अंतरावर भिवंडी आहे. या पट्ट्यात राहणारे आम्ही मराठी मुसलमान. साहित्याच्या इतिहासाचा विषय निघाला की आम्हाला पुणे आठवते, लखनऊ आठवते, लाहोर आठवते. आमच्या दाराशी काय घडले, याकडे मात्र आमचे लक्ष गेले नाही. म्हणून एकच साल घेऊ : १९४९.

त्या वर्षीच्या मे महिन्यात अखिल भारतीय पुरोगामी लेखक संघाचे अधिवेशन भिवंडीत भरले. ते खरे तर मुंबईत व्हायचे होते. पण कम्युनिस्टांची धरपकड चालू होती, मुंबईत परवानगी मिळाली नाही आणि लेखक मंडळी विणकरांच्या या गावात आली. उर्दू साहित्याच्या इतिहासात ‘भिमडी कॉन्फरन्स’ म्हणून गाजलेली ती हीच. तिथे नवा जाहीरनामा मंजूर झाला आणि डॉ. रामविलास शर्मा सरचिटणीस झाले. लेखकाने कष्टकऱ्यांच्या लढ्यात उतरलेच पाहिजे, जो उतरणार नाही तो प्रतिगामी, असा त्या जाहीरनाम्याचा सूर होता. नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तानातल्या पुरोगामी लेखकांनीही तोच मार्ग धरला आणि सआदत हसन मंटोसारख्या लेखकावर बहिष्कार घातला. मंटो मुंबई सोडून गेले होते ते जानेवारी १९४८ मध्ये. फाळणीची जखम ज्याने सर्वांत उघडी करून दाखवली, तोच ठरावाच्या चौकटीत बसेना.

आता खाडीच्या अलीकडे या. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित राहत होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे कोनशिला बसली आणि कॅम्पचे उल्हासनगर झाले. या माणसांनी घर, शेत, दुकान मागे ठेवले होते. बरोबर आणता आली ती भाषा. आणि ती भाषा लिहिली जात होती अरबी वळणाच्या बावन्न अक्षरांत, १८५३ मध्ये इंग्रजी अमदानीत ठरलेल्या लिपीत. त्यांचा सर्वांत मोठा कवी कोण? भिटचे सूफी शाह अब्दुल लतीफ. वाचकहो, जरा थांबून विचार करा. फाळणीत सर्वस्व गमावलेला हा हिंदू समाज आपल्या पोथ्या अलिफ-बेच्या अक्षरांत वाचत होता आणि एका मुसलमान सूफीचे बैत गात होता.

तिसरी घटना दिल्लीची. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीने देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरवली. घटनेच्या आठव्या अनुसूचीत चौदा भाषा आल्या. मराठी होती, उर्दू होती, सिंधी नव्हती. ज्या भाषेला प्रांत उरला नाही तिला जागाही मिळाली नाही. ती मिळायला १० एप्रिल १९६७ उजाडावे लागले. दरम्यान सिंधी लेखकांतच वाद पेटला : नव्या देशात देवनागरी घ्यावी की जुनी लिपी राखावी? १९५१ मध्ये सरकारने दोन्ही लिप्या मान्य केल्या.

बराकींतल्या आणि मुंबईच्या चाळींतल्या लेखकांनी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. सुंदरी उत्तमचंदाणी आणि गोविंद माल्ही यांच्या कादंबऱ्या १९५३ पर्यंत छापून आल्या. मोहन कल्पना यांच्यासारखा कथाकार उल्हासनगरात राहून लिहिता राहिला. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. कल्याण आडवाणी यांनी आयुष्य शाहच्या ‘रिसालो’च्या अभ्यासाला वाहिले. तिकडे पुरोगामी लेखक संघाला १९५३ च्या दिल्ली अधिवेशनात भिवंडीचा ताठा सैल करावा लागला. ठराव चार वर्षांत जुना झाला. लतीफ मात्र गायले जात राहिले.

भिवंडीत जमलेल्या लेखकांचे मोठेपण आम्ही नाकारत नाही. कष्टकऱ्याची बाजू त्यांनी घेतली, तुरुंगही पत्करला. मराठीत हेच काम बार्शीचे महबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख करत होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. अमर शेखांनी मराठीत गावे याला कुणाचा ठराव लागला नाही. ती त्यांची बोली होती.

इथेच १९४९ आमच्याशी बोलू लागते. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या माणसाच्या हाती जुने सिंधी पुस्तक दिले तर बरीचशी अक्षरे त्याला लावता येतात, अर्थ कळत नाही. उल्हासनगरातल्या सिंधी तरुणाला ते वाचून दाखवले तर अर्थ कळतो; अक्षरे त्याला अनोळखी झाली आहेत. एकाकडे लिपी, दुसऱ्याकडे भाषा, आणि पुस्तक दोघांच्या मध्ये मिटलेले.

आमच्या घरांत तरी दुसरे काय चालले आहे? आजी कोकणी-मराठीत ओव्या म्हणते, नातू उर्दूत धडे गिरवतो किंवा इंग्रजीत. मराठीत लिहिले तर आपले विचारतात, उर्दू का नाही? बाहेरचे विचारतात, मुसलमान असून मराठी कशी? दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच, की भाषेला आणि लिपीला धर्म असतो. कल्याण कॅम्पच्या बराकींनी ही समजूत तेव्हाच खोटी ठरवली होती. आम्ही शेजारी असून ते पाहिले नाही.

उर्दू आमची आहे, ती सोडायची नाही. मराठी आमची आहे, तिच्यासाठी कुणाकडे दाखला मागायचा नाही. आणि शेजारच्या सिंधी घरातले एखादे म्हातारे माणूस अजून जुनी लिपी वाचत असेल, तर त्याच्याजवळ एक संध्याकाळ बसायला हवे. अक्षरे आम्ही लावू, अर्थ ते सांगतील.