उणा झालेला उजेड

८ जून २००४. त्या दिवशी शुक्राचे अधिक्रमण होते; म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकत जाणार होता. सीमाभागातल्या आमच्या शाळेच्या पटांगणात मी लहान दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्यबिंब पाडले होते. ढगांच्या फटीतून तिळाएवढा काळा ठिपका दिसला आणि मुलांनी एकच गिल्ला केला. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग ऊन तेवढं कमी झालं का?"

"एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय!" मी म्हणालो. मुले हसली. ती गप्प झाली.

खरे तर तिचेच बरोबर होते. शुक्रबिंबाचा व्यास सूर्यबिंबाच्या सुमारे बत्तिसावा हिस्सा, म्हणजे क्षेत्रफळ हजारावा. तेवढा उजेड त्या दिवशी खरोखरच उणा झाला होता. पुढे वाचनात आले, की तिच्या या प्रश्नाने मोठा इतिहास घडवला आहे.

१९५२ साली ओटो स्ट्रुव्ह या खगोलशास्त्रज्ञाने एका छोट्या लेखात लिहिले, की गुरूसारखा मोठा ग्रह आपल्या ताऱ्याच्या अगदी जवळून फिरत असेल, तर समोरून जाताना तो शेकडा दोन भाग प्रकाश अडवील, आणि तेवढी घट मोजणे आजही शक्य आहे. पण कित्येक वर्षे त्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. चार दिवसांत फेरी मारणारा गुरू कोणाच्या मनात बसेना. उपकरणाची नव्हे, अडचण समजुतीची होती.

१९९५ मध्ये मेयर आणि क्वेलोझ यांना महाश्व तारकासमूहात असाच ग्रह सापडला, तोही ताऱ्याच्या हेलकाव्यावरून. तो हेलकावा म्हणजे ताऱ्याचेच स्पंदन असावे, अशी शंका काहींनी घेतली. सप्टेंबर १९९९ मध्ये डेव्हिड शार्बोनो आणि टिमोथी ब्राउन यांनी कोलोरॅडोत अवघ्या १० सेंटिमीटर तोंडाच्या दुर्बिणीने त्याच समूहातला एचडी २०९४५८ हा तारा न्याहाळला. साडेतीन दिवसांनी फेरी मारणारा त्याचा ग्रह समोर येताच प्रकाश सुमारे पावणेदोन टक्के घटला. ग्रेग हेन्री यांच्या चमूलाही स्वतंत्रपणे तेच आढळले. हेलकाव्यावरून वजन, सावलीवरून आकार. हिशेब मांडला तेव्हा तो ग्रह गुरूहून मोठा, पण पाण्याहून विरळ निघाला! शंका मिटली. पुढे २००९ ते २०१८ या काळात केप्लर दुर्बिणीने याच रीतीने अडीच हजारांहून अधिक ग्रह शोधले.

दिवाळीच्या रात्री डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसतो. हे दोन्ही तारे त्याच्याच पश्चिमेला आहेत. वाचकहो, मुलांना तो चौकोन जरूर दाखवा. आणि त्यांनी काही विचारले, तर माझ्यासारखे उत्तर देण्याची घाई करू नका. त्या मुलीचा प्रश्न मी दर वर्षी आठवीच्या फळ्यावर लिहितो.