मिरजेच्या तंबोऱ्याची बदलती घडण

छत्रपती संभाजीनगर येथील औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात नर्तकीच्या भोवती वादक स्त्रिया कोरलेल्या आहेत. दगडात असल्यामुळे त्यांची वाद्ये आजही पाहावयास मिळतात. भोपळ्याच्या व लाकडाच्या वाद्यांचे तसे नाही. ती फुटतात, त्यांस कीड लागते, आणि कारागिराचे कागद सहसा कोणी जपून ठेवीत नाही. यास्तव मिरजेच्या तंबोऱ्याचा इतिहास मुख्यतः त्याच्या घडणीवरूनच वाचला पाहिजे, असे आमचे मत आहे.

१८१८ साली पेशवाई संपली व पुढे शस्त्रांची मागणी ओसरली. मिरजेचे शिकलगार हे हत्यारांस धार व झिलई देणारे. सुमारे १८५० मध्ये त्यांच्यापैकी फरीदसाहेब हे पटवर्धनांच्या संस्थानात वाद्यांकडे वळले. आरंभी दुरुस्ती, मग नवी घडण, असा क्रम सांगतात, व तो आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. कारण दुरुस्ती करणाऱ्यास वाद्य उकलून पाहावे लागते, आणि दुसऱ्याच्या चुका त्यास फुकट शिकावयास मिळतात.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडील कडू भोपळा व तूण झाडाचे लाकूड हे साहित्य कायम राहिले. बदलले ते माप. पुरुषांच्या खर्जास मोठा भोपळा व लांब दांडी, तर स्त्रियांच्या उंच पट्टीस आटोपशीर जनानी तंबोरा. परंतु खरी कसोटी जवारीची. घोडीचा माथा कानशीने असा उतरवावयाचा की तार त्यास निसटती स्पर्शत राहावी. धारेवर पिढ्यानुपिढ्या बसलेल्या हातांस हे काम परके वाटले नसावे! मिरजेस राहिलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) हे स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. असे गिऱ्हाईक दाराशी असता जवारीत कसूर चालणार कशी?

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी घोडीचे हस्तिदंत व सांबरशिंग बंद झाले. १९७९ मध्ये बंगळूरच्या राजनारायण यांनी विजेवरचा तंबोरा सिद्ध केला, तेव्हापासून कारागिराचा प्रतिस्पर्धी पेटीत बसून आला. प्रवासासाठी भोपळ्यावाचूनचे चपटे तंबोरेही निघाले. आम्हांस त्यांचा नाद तोकडा वाटतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने गावाचे नाव राखले जाईल, जुनी मापे नव्हेत. दुरुस्तीस गेलेल्या तंबोऱ्याची झिजलेली घोडी बदलली की पहिल्या हाताची खूण गेली. ज्यांच्या घरी वडिलार्जित मिरजी तंबोरा असेल त्यांनी ती घोडी टाकू देऊ नये, आणि दांडीची लांबी व भोपळ्याचा घेर मोजून मंडळास कळवावा.